न गेलेल्या दुधाचा हिशेब

सगळ्यात आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे सारवलेल्या अंगणातून कोंबडी फिरून गेल्यासारखं. चौथीनंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. तरी लिहिते, कारण कोल्हापुरात मुक्काम करून आल्यापासून वाडीतल्या सगळ्याजणी विचारतात, ‘काय काय बघितलंस, सांग की,’ आणि चार बायका समोर बसल्या की माझी जीभ टाळूला चिकटते. कागद बरा, तो माझ्याकडं बघत नाही. गंगू, तू माझी धाकटी जाऊ, माझ्यामागं दोन्ही म्हशींच्या धारा तू काढल्यास, म्हणून हे पहिल्यांदा तूच वाच. चुका दिसल्या तर पोटात घाल.

तू म्हणशील, कोल्हापूर काय लांब आहे? दवाखान्याला गेलोय, अंबाबाईला गेलोय. खरं आहे. पण आपण जातो ते सकाळच्या एसटीनं, आणि शेवटची गाडी चुकेल या धाकात देवीपुढंही धड उभं राहत नाही. मुक्कामाला राहून, खुर्चीवर बसून कोल्हापूर बघितलेली आपल्या घरातली मी पहिलीच!

कशासाठी गेलो ते तुला ठाऊक आहे, तरी नीट लिहिते. माझी सून मनीषा बी.कॉम. आहे. घाटमाथ्यावरच्या दूध संस्थांचे आणि बचत गटांचे हिशेब ती घरी बसून लिहून देते. ज्या कोल्हापूरच्या ऑफिसकडून तिला हे काम मिळतं, तिथल्या साहेबांनी निरोप धाडला की आता हिशेब एआय करणार, म्हणजे शिकवलेला संगणक. त्याच्याकडून काम करून घ्यायचं शिक्षण तीन दिवस कोल्हापुरात मिळेल. शेवटी परीक्षा. जो पास होईल त्याच्याकडं त्याच्या भागाचं काम राहील. जो होणार नाही, त्याच्या भागाचे कागद सरळ कोल्हापूरला जातील.

मनीषाचं काम गेलं असतं तर माझा अमोल पुण्याला कंपनीत जाणार होता. बोलणंही झालं होतं. त्याच्या दूध-टेम्पोच्या एकट्या पगारावर घर चालत नाही हे मला कळतं, त्यामुळं पोराला दोष देता येईना. पण ती दोघं गेली की शिवू जाणार. माझी नात नुकती बसायला लागलीय, टाळ्या वाजवायला लागलीय. ती टाळ्या पुण्यात वाजवणार आणि मी इथं म्हशींशी बोलणार.

शिक्षणाची फी दांडगी होती. आपल्या बचत गटानं ती मनीषाला कर्जाऊ दिली. त्या दिवशी अध्यक्षबाईंनी विचारलं, ‘जामीन कोण ऱ्हाणार?’ कुणीतरी ‘मी हाय की’ म्हणालं. मागं वळून बघितलं तर मागं कुणी नव्हतं, मीच बोलले होते.

खाली उतरताना

शिवू अंगावर पिते, म्हणून मनीषाला तिला सोडून जाता येईना आणि मांडीवर घेऊन शिकताही येईना. म्हणून मी गेले. माझं काम एकच, पोर सांभाळायचं. सोबत एका मोठ्या पिशवीत आपल्या दूध संस्थेचे पावसाळ्यातले कागद होते. परीक्षेला ज्यानं त्यानं आपल्या भागातले खरे कागद आणायचे होते.

एसटीत कंडक्टरनं पिशवीवर हात आपटला. ‘बाळाला तिकीट न्हाय, पर हिला घ्यावं लागंल. काय दगडं भरल्यात?’

‘दूध संस्थेचे कागद आहेत,’ मनीषा म्हणाली.

‘मग जपून ठेवा. गाडी आपटली तर दही हुईल.’

बायकांना अर्धं तिकीट म्हणून पुढच्या बाकावरचे एक आजोबा कुरकुरायला लागले. ‘सरकार बायकांस्नी अर्ध्यात फिरवतंय. आमी काय घोडं मारलंय?’

‘आजोबा, पावसाळ्यात ह्यो रस्ता सगळाच पाण्यात जातोय,’ कंडक्टर म्हणाला. ‘तवा तुमी कधी बोलला न्हाईसा. अर्धं तिकीट गेलेलं बरं दिसलं.’ अख्खी गाडी हसली. मीही हसले, पदरात तोंड घालून.

आपल्याकडं धुकं असतं तेव्हा खाली लख्ख ऊन असतं हे मी दर वेळी विसरते. जसजशी गाडी उतरते तसा ऊस दाट होत जातो, घरांवर पत्र्याच्या जागी स्लॅब येतो, दारात मोटारसायकलीशेजारी मोटारी दिसायला लागतात. बालिंग्याचा पूल गेला की शहराचा वास येतो. शिवूनं तो वास घेऊन दोन शिंका दिल्या आणि टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता सगळं चांगलं होणार!

थंडगार सभागृहात

स्टेशनाजवळच्या सभागृहात पाय ठेवला आणि हुडहुडी भरली. बाहेर ऊन आणि आत यंत्र लावून केलेली थंडी. आपण थंडी घालवायला शेकोटी करतो, हे पैसे देऊन थंडी आणतात! मी शिवूला लुगड्यात गुंडाळून अगदी मागं, दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. खुर्ची इतकी मऊ होती की मी आत आत जातेय असं वाटून तिचे हात घट्ट धरून बसले.

शिकायला आलेल्यांत बरेच जण मनीषाच्या वयाचे होते. एक मात्र पिकल्या मिशांचे, टोपी घातलेले चौगुले काका. कागलकडच्या एका पतसंस्थेत जन्मभर हिशेब लिहिलेले. आल्या आल्या त्यांनी मला गाठलं.

‘काय पावणं, कुठनं आलासा?’

मी फरशी बघायला लागले. मनीषानं सांगितलं, ‘गगनबावड्याकडनं.’

‘आयला! म्हंजे पिशवीत पाऊस भरून आणलाईसा म्हणा की.’

शिकवायला पुण्याच्या मॅडम होत्या. लहानखुऱ्या, बोलणं गोड, पायात साधी चप्पल. त्यांनी पहिलंच विचारलं, ‘एआयबरोबर काम करायला तुमच्यापैकी किती जण तयार आहेत?’ भराभर हात वर झाले. मनीषाचा अर्धाच वर गेला. चौगुले काका म्हणाले, ‘मॅडम, मी तयार हाय. डोस्कं अजून वाटंत हाय.’

मग यंत्रं सुरू झाली. गंगू, काय सांगू तुला! बिलांचा गठ्ठा एका पेटीच्या तोंडात ठेवायचा. ती एकेक कागद गिळते, दुसऱ्या बाजूनं बाहेर टाकते, आणि समोरच्या पडद्यावर कुणाचं बिल, कशाचं, किती, सगळं आपोआप लिहून येतं. मनीषाला जे करायला आठवडा लागतो ते चहा निवेपर्यंत झालेलं मी या डोळ्यांनी बघितलं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं म्हणू की आनंदानं, ते कळेना. दोन्ही असेल.

मनीषाची पाळी आली. तिनं गठ्ठा ठेवला, पेटीनं दोन कागद गिळले आणि कर्र-कर्र-कर्र आवाज करून ती बंद पडली. झाकण उघडलं तर आत नाचणी! कागदांच्या घड्यांतून दाणे टपाटप टेबलावर, टेबलावरून फरशीवर. चूक माझीच होती. पावसाळ्यात आपल्याकडं कागद हातात घेतला तर ओल्या पापडासारखा लोंबतो, शाई पसरते. म्हणून संस्थेची बिलं मी आपली चुलीजवळच्या नाचणीच्या डब्यात खुपसून ठेवते. दाणे ओल पितात आणि कागद कोरडा राहतो. निघताना झटकले होते, पण घड्यांतलं राहिलं.

मला वाटलं, फरशी दुभंगावी. मनीषाचे कान लाल. चौगुले काका मात्र मोठ्यानं म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या मशीनलाबी न्याहारी लागतीया बघा!’

मॅडमनी दोन दाणे तळहातावर घेतले. ‘ही मोहरी आहे का?’ मनीषानं सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी यंत्रवाल्याकडून पेटी साफ करून घेतली आणि मनीषाला मोबाईलनं एकेका कागदाचा फोटो काढायला लावलं. जेवायच्या सुट्टीत त्या आमच्याजवळ येऊन बसल्या आणि माझ्या फडक्यातली नाचणीची भाकरी त्यांनी मागून घेतली. मिरचीच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी संपवली. मला त्यांच्याशी बोलावंसं फार वाटलं. मी आणखी अर्धी भाकरी पुढं केली, तेवढंच.

चहाच्या वेळी मी मनीषाला विचारलं, ‘हे एआय म्हंजे नेमकं काय गं?’

‘आत्ती, लई वाचलेलं पोरगं समज. काय बी इचार, उत्तर हाय त्याच्याकडं. फकस्त म्हाईत न्हाय म्हणाय येत न्हाय त्याला.’

तुझ्या घरधन्यासारखं, हे मनीषा नाही म्हणाली, हे माझं मी लिहिलंय.

गंगावेशीत म्हैस

उतरलो होतो मंगळवार पेठेत, आपल्या घरच्यांच्या मामेबहिणीकडं, शारदावन्संकडं. वन्सं बोलतात तेव्हा शेजारच्या गल्लीतली माणसं ‘ओ’ देतात. त्यांनी संध्याकाळी आम्हाला फिरायला काढलं. ‘चला, तुमास्नी दूध पाजतो.’

गंगावेशीत रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या होत्या. लोक पेला हातात धरून रांगेत, आणि गवळी समोर धार काढून फेसाळलेलं दूध तसंच पेल्यात देत होता. सुटाबुटातली माणसं मिशांना फेस लावून उभी! आपण रोज ज्याच्यासाठी पहाटे उठतो, ते बघायला इथं पोरंबाळं घेऊन येतात.

गवळ्यानं विचारलं, ‘मावशी, केवढा पेला देऊ?’ मी बोललेच नाही, म्हशीकडं बघत राहिले. काय म्हैस गंगू! पाठ अशी, की भाकरी थापावी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हिला वैरण काय घालता?’ मग काय, गवळी आणि मी! सरकी, पेंड, उसाचं वाढं, लाळ्या-खुरकुताचं औषध. वन्सं मनीषाला म्हणाल्या, ‘तुझी सासू मुकी न्हाय की गं! माणसं सोडून म्हशीपाशी उभी करायची बघ तिला.’

रात्री पांढरा रस्सा होता. आपल्याकडं रस्सा पातळ झाला की समजायचं, पाव्हणे वाढले. इथं मुद्दाम पातळ करतात आणि वाटीवर वाटी पितात. मी लाजत तीन वाट्या प्यायले.

वारणानगर

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाडीनं वारणानगरला नेलं. मोठ्या सहकारी कामाचे हिशेब नव्या यंत्रांवर कसे चालतात ते दाखवायला. मी शिवूला घेऊन मागच्या बाकावर.

तिथं सगळं सरळ आहे. रस्ते सरळ, कामगारांच्या घरांच्या रांगा सरळ, झाडंसुद्धा ओळीत. कारखाना, डेअरी, पोरांना शाळा, पुढं कॉलेज, सगळं चालत जाण्यासारखं. शाळा सुटली होती, गणवेशातल्या पोरी सायकली हाणत घराकडं निघाल्या होत्या. आपल्या पोरी गाडी चुकली की कशा डोकीवर दप्तर घेऊन ओढा ओलांडतात ते आठवलं. हेवा वाटला का? वाटला. पण त्याहून जास्त आनंद वाटला, की हे असं होऊ शकतं! माणसांनी एकत्र येऊन केलेलंच आहे की हे. आकाशातून पडलेलं नाही.

डेअरीत दूध दिसत नाही, फक्त ऐकू येतं. चकचकीत नळ्यांतून ते इकडून तिकडं धावतं. मी नळीला कान लावला आणि शिवूचाही लावला. तिला इतकं हसू आलं, की दाखवणाऱ्या बाईही हसायला लागल्या.

परत येताना चौगुले काका आमच्या पुढच्या बाकावर होते. त्यांनी भडंगाची पुडी उघडून सगळ्यांपुढं फिरवली आणि मनीषाला विचारलं, ‘पोरी, फी कुणी भरली तुझी?’

‘आमच्या बचत गटानं. कर्ज काढलंय.’

‘आणि माझ्या पुतण्याची बायकू बघ, नवऱ्याच्या नोकरीपायी लांबच्या जिल्ह्यात ऱ्हाती. तिनं हेच शिक्षण घेतलं, आणि सरकारनं तिची फी माघारी दिली.’

‘मला का न्हाय दिली मग?’

‘तिचा जिल्हा मागास. आपला जिल्हा पुढारलेला न्हवं का? ऊस हाय, साखर हाय, दूध हाय.’

‘काका, आमच्याकडं मोबाईलला रेंज न्हाय.’

‘म्हाईत हाय की! पर सरकार तालुका बघत न्हाय, जिल्हा बघतंय.’ काकांनी भडंगाचा एक बकाणा भरला. ‘हे बघ, जेवणावळीत कोण कसं जेवलं ते ज्यानं त्यानं आपल्या ताटावरनं सांगावं का न्हाय? सरकारनं काय केलं, सगळ्या पंगतीचं मटण मोजलं आणि माणसांनी भागलं. माझ्या ताटातलं मटण तुझ्या नावावर पडलं. तू उपाशी उठलीस तरी कागदावर तू मटण खाल्लंस. सरासरी म्हणत्यात तिला.’

‘मग तुमी का भांडत न्हाईसा?’

‘माझ्या ताटात मटण हाय, मी कशाला भांडू?’ काका हसले. उरलेली सगळी पुडी त्यांनी मनीषाच्या हातात दिली.

परीक्षा

तिसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमनी सांगितलं, ‘आपापल्या कागदांवरून तीन महिन्यांचा ताळा तयार करून घ्या. एआय करून देईल. तुम्ही तपासा आणि खाली सही करा. सही केली की जबाबदारी तुमची, यंत्राची नाही. जेवायच्या सुट्टीआधी माझ्याकडं द्या.’

मी दाराजवळच्या माझ्या खुर्चीत. शिवू माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. मनीषाच्या पडद्यावर बघता बघता सगळा पावसाळा उमटला. रोजचं दूध, सकाळचं, संध्याकाळचं, ओळीनं. एक रकाना रिकामा नाही. शाई पसरलेले आकडेसुद्धा सुबक होऊन बसले होते. मनीषानं वळून माझ्याकडं बघून मान हलवली, जमलं म्हणून. शेजारचे लोक सह्या करून उठायला लागले.

मग तिची मान ताठ झाली. ती पडद्यावर बोट ठेवून वर गेली, खाली आली, परत वर गेली. तिनं मला हळूच खुणावलं, तशी मी शिवूला घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले.

‘आत्ती, नागपंचमीच्या आदी मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलतं न्हवं?’

‘आलतं की. दुधाची गाडीच येईना. तुझ्यासमोरच खवा आटवला की आपण.’

‘मग हे बघ.’ तिनं बोट ठेवलं. पाण्याच्या सगळ्या दिवसांत दूध भरलेलं! ‘त्याला हे दिवस मोकळे दिसले. त्यानं मागच्या-पुढच्या दिवसांची सरासरी काढून घातली.’

खाली लाल अक्षरात तूट दाखवली होती. दूध गेलं, पण त्याचे पैसे संस्थेत आले नाहीत, असा तिचा अर्थ. आपल्या संस्थेची सचिव कोण? आपली रंजना. तिनं पैसे खाल्ले असं कुठं लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्यानं दुसरं काय समजायचं?

मॅडमनी घड्याळ बघितलं. ‘ज्यांचं झालंय त्यांनी द्या.’ मनीषापुढं दोन वाटा होत्या. सही करून पास व्हायचं, किंवा ते दिवस खोडायचे आणि भोकं पडलेला ताळा द्यायचा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भराभर ते दिवस खोडले, खाली मराठीत लिहिलं, ‘या दिवशी दूध गेले नाही. रस्त्यावर पाणी होते,’ सही केली आणि पुढं गेली.

मॅडमनी वाचलं. ‘मनीषा, हे अर्धवट आहे. सगळ्यांचं पूर्ण आहे.’

‘मॅडम, माझंबी मघाशी पूर्ण होतं. पूर्ण होतं म्हणूनच ते चुकीचं होतं.’

कुणीतरी मागून फिदीफिदी हसलं.

‘त्या दिवशी रस्ता बंद होता, याचा काही कागद?’

‘कागद नाही. पाण्याची पावती कोण देणार?’

‘पण हिशेबात नुसतं सांगून कसं चालेल?’ मॅडम वाईट नव्हत्या, त्यांचं म्हणणंही खरंच होतं.

मला उठायचं होतं, गंगू. आम्ही दूध आटवलंय, अख्ख्या वाडीनं खवा खाल्लाय, शेजाऱ्यांच्या पोरांची पोटं बिघडली, हे सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पाय उठले नाहीत. मी शिवूला एवढं आवळलं की ती रडायला लागली.

तेवढ्यात चौगुले काका उठले. टोपी सरळ केली. ‘मॅडम, माझी लेक साळवणला दिलीया. पंचमीला तिला न्यायला गेलतो. कळ्याच्या पुढं पोलिसांनी माघारी लावलं. लेकीची पंचमी ऱ्हायली ती ऱ्हायलीच, जावई अजून टोचून बोलतोय. रस्ता बंद हुता. लिहून देऊ?’

‘द्या,’ मॅडम म्हणाल्या.

काकांनी तिथंच कागदावर लिहिलं, खाली वळणदार सही केली. आणि मग कागद देता देता थांबले. ‘थांबा वाईच. माझं बघू द्या.’ ते जाऊन आपल्या पडद्यापुढं बसले आणि जो ओरडले! ‘अगं आई गं! बेंदराच्या दिवशी आमची पतसंस्था उघडी! बैलं सोडून माणसं हप्ते भराय आल्यात म्हणं!’

मग जी झुंबड उडाली! सगळे आपापले ताळे परत मागायला लागले. कुणाच्या बाजाराच्या सुट्टीत विक्री निघाली, कुणाच्या बंद गोदामात माल आला. ‘माझंबी!’ ‘माझंबी हाय!’ असा गलका. मगाशी फिदीफिदी हसलेला मुलगा तर कपाळाला हात लावून बसला होता. मॅडम टेबलाटेबलांवरून फिरत होत्या, पदर खोचून, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्यांनाच पास व्हायचं होतं असं वाटावं. सगळे शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘यंत्राला मीच सांगितलं होतं, ताळा पूर्ण कर म्हणून. त्यानं ऐकलं. मोकळ्या जागा त्यानं कशानं भरल्या, हे विचारायचं मला सुचलं नाही. मनीषाला सुचलं. इथून पुढं सहीआधी हा प्रश्न सगळ्यांनी विचारायचा.’

मला कालची गाडी आठवली. तिथं सरासरीनं आपल्या ताटात मटण वाढलं होतं, इथं तिनंच आपल्या किटल्यांत दूध ओतलं. कागद भरला म्हणजे माणूस भरला असं वाटणारं ते सरकार असो की यंत्र, त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे, हे रिकामं आहे, रिकामंच राहू दे.

दुपारी निकाल सांगितला. मनीषा पास. चौगुले काकाही पास. ‘काठावर, पर काठ आपलाच हाय,’ असं ते म्हणाले. मनीषा पळत माझ्याकडं आली आणि माझ्या गळ्यात पडली, सगळ्यांसमोर! सासू-सुना असं करतात होय? पण मी काही सोडवून घेतलं नाही. शिवू मध्ये चेंगरून गेली होती आणि टाळ्या वाजवत होती.

घरी

इतकं लिहून मी ठेवून दिलं होतं. आज पुढचं लिहिते, कारण आज लिहिण्यासारखं झालंय.

ऑफिसनं मनीषाला आपल्या भागाचं काम दिलं. एआय लिहितो, ती तपासते. आता ती जास्त संस्थांचं काम करते आणि रोज कुणाला ना कुणाला फोन लावून विचारते, ‘अमक्या दिवशी काय झालतं तुमच्यात?’ कुठं जत्रा असते, कुठं मयत, कुठं दरड. म्हणते, ‘आत्ती, आकडे ते सांगतंय, पर तसं का ते मला इचारावं लागतंय.’ फी माघारी मिळावी म्हणून तिनं अर्ज केला होता. उत्तर आलं, आपला जिल्हा बसत नाही. तिनं परत अर्ज केलाय, या वेळी तालुक्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून. उत्तर अजून नाही.

तिच्या पगारातनं गटाचे हप्ते जात होते. यंदाच्या पावसात एक हप्ता थकला, रेंज गेली आणि ऑफिसचे पैसे वेळेवर आले नाहीत. त्या महिन्यातही मी जामीन म्हणून बैठकीत मनीषाशेजारी बसले. हप्त्याची गोष्ट निघाली तशी अध्यक्षबाईंनीच विषय बदलला. पुढच्या महिन्यात मनीषानं दोन्ही एकदम भरले. अमोल आता पुण्याचं नाव काढत नाही, परवा त्यानं परसात शिवूला झोका बांधला.

आज शेवटचा हप्ता होता. तू माहेरी गेलीयस, म्हणून सांगते. आपल्या गटात कर्ज फिटेपर्यंत जामीनदारानं कर्जदाराच्या शेजारी बसायचं असतं, तशी मी मनीषाशेजारी बसले होते. तिनं नोटा पुढं ठेवल्या. अध्यक्षबाईंनी मोजल्या, रंजनानं मोजल्या, आणि रंजना म्हणाली, ‘व्याजासकट सगळं फिटलं की गं!’ बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, ‘आता च्या पाज.’ दुसरी म्हणाली, ‘च्या कसला, मटण!’

मग अध्यक्षबाई मला म्हणाल्या, ‘काकी, तुमीबी सुटलासा. उठा, आता कुठंबी बसा.’

सगळ्याजणी माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, ‘न्हाय, मी हितंच बसते.’